सावित्रीच्या मुखापाशी

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. तिथंच जवळ वेळास आहे. मेणवलीचा वाडा पाहिलेल्यांना माहीत असेल, नाना फडणवीसांचं मूळ गाव ते हेच. समुद्र राखायचा आणि किनाऱ्यावरच्या माणसाची चूलही पेटती ठेवायची, हे कसं जमवायचं ते या गावाकडून ऐकावं.

पूर्वी इथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सर्रास उकरून नेली जायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना हाताशी धरून राखण सुरू केली. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री येते, दीडेक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि निघून जाते. राखण करणारा गावकरी, म्हणजे कासवमित्र, उजाडायच्या आत वाळूवरचा माग काढत घरट्यापर्यंत पोचतो. कुत्री-कोल्हीही तोच माग काढतात, म्हणून त्यांच्याआधी पोचावं लागतं.

अंडी हातानं, एकेक करून काढायची. अंडं फिरवायचं नाही. पुन्हा सांगतो, अंडं फिरवायचं नाही. काही तासांत आतला जीव कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मरतो. मग किनाऱ्यावरच राखणीसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, तोंडाला अरुंद नि तळाला रुंद, मडक्यासारखा खड्डा करून अंडी त्यात ठेवायची. तारखेची पाटी लावायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं पाण्यात टाकत नाहीत, वाळूवर सोडतात. ती आपल्या पायांनी जातात.

हे बघायला माणसं येऊ लागली. २००६ पासून कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, जेवतात, आणि पैसा त्या घरात राहतो.

आता जरा कडू बोलतो. एम.एच. १० आणि एम.एच. ११ च्या, म्हणजे सांगली-साताऱ्याच्या गाड्या पुळणीवर फिरवणारे आपलेच लोक असतात. चाकांखाली वाळू दबते, पिल्लाला वर येता येत नाही. आलंच तर चाकोरीत अडकतं. गाडी रस्त्यावर ठेवा की, चार पावलं चाललं तर काय बिघडतं! मोबाईलची बॅटरीही नको, पिल्लू उजेडाकडे वळतं.

मासळीचं थोडक्यात. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली: पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४३, सुरमई ३७०. १३५ मिलिमीटर म्हणजे सव्वापाच इंच. त्याहून लहान पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पोर. सांगलीच्या बाजारात ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. गिऱ्हाईक आहे म्हणून ते घाट चढून येतं. श्रावण कडक पाळणारे आपण, एवढं पाळायला हरकत नसावी.

आणि मासेमारीच्या बोटीवर तुमचा कुणी सोयरा-पाहुणा कामाला असेल तर त्याच्या कानावर घाला. जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून सोडायचं. डिसेंबर २०१८ पासून सरकार कापलेल्या जाळ्याची भरपाई देतं, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. मात्र अडकलेलं कासव, कापलेलं जाळं आणि सुटलेलं कासव, तिन्हींचे फोटो मोबाईलवर काढून ठेवायचे, आणि ते कासव सोडतानाच.