जे बॅटन रूजला पोचले नाहीत

मंडळी, बेंजामिन ग्रीअरसन आठ वर्षांचा असताना एका घोड्याने त्याच्या तोंडावर लाथ मारली होती. तेव्हापासून घोडा म्हटलं की त्याच्या मनात अढी. मोठेपणी तो इलिनॉय राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावात संगीत शिकवायचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा तो उत्तरेच्या बाजूने बिनपगारी दाखल झाला. मागितलं पायदळ आणि पदरात पडलं घोडदळ. सहावी इलिनॉय स्वयंसेवक घोडदळ रेजिमेंट.

स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिरवणुकीत बिल्ला लावून उभी असलेली पोरं येतात. इथे तसं नव्हतं. अमेरिकेची कायमची फौज तेव्हा जेमतेम सोळा हजारांची. युद्ध लढलं ते राज्याराज्यांनी उभ्या केलेल्या रेजिमेंटांनी. शेतकरी, कारकून, सुतार, शाळामास्तर अशी माणसं बहुधा तीन वर्षांच्या बोलीवर सही करून आलेली. एका पंचक्रोशीतली माणसं एकाच कंपनीत, कधी सख्खे भाऊ.

आपल्या भाषेत सांगायचं तर दक्षिणेचा स्वार शिलेदार होता. घोडा त्याचा स्वतःचा. सरकार घोड्यापोटी रोज चाळीस सेंट द्यायचं आणि लढाईत घोडा पडला तर भरपाई मिळायची, पण नुसता खंगून मेला तर नवा घोडा त्यानेच आणायचा. उत्तरेचा स्वार बहुतेक बारगीर, घोडा सरकारी. दक्षिणेची पोरं खोगिरावरच वाढलेली. पहिली दोन वर्षं त्यांनी उत्तरेच्या स्वारांना पार दमवलं.

मग आला एप्रिल १८६३. उत्तरेच्या जनरल ग्रँटला मिसिसिपी नदीवरचं, दक्षिणेच्या ताब्यातलं व्हिक्सबर्ग हवं होतं. नदी ओलांडून उतरायचं तर शत्रूची नजर दुसरीकडे वळवायला हवी. १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून ग्रीअरसन निघाला. सहावी आणि सातवी इलिनॉय, दुसरी आयोवा, मिळून सतराशे स्वार आणि छोट्या तोफा. पाच दिवसांचा शिधा दहा दिवस पुरवायचा होता आणि माणशी चाळीस काडतुसं होती. पुढचा दाणागोटा वाटेत मिळेल तो.

ही स्वारी ज्यांनी पुरी केली त्यांची नावं सगळीकडे निघतात. मला आज बोलायचंय ते वाटेतून परत फिरलेल्यांविषयी आणि मागे राहिलेल्यांविषयी, कारण माझ्या मते स्वारी तरली ती त्यांच्या जिवावर.

चौथ्या दिवशी ग्रीअरसनने आजारी, हिवतापाने खिळखिळे झालेले एकशे पंचाहत्तर जण निवडले आणि मागे धाडले. सोबत्यांनी त्यांना 'क्विनाइन ब्रिगेड' म्हणायला सुरुवात केली होती. पण त्यांच्यावर काम सोपवलेलं होतं. चार-चारच्या रांगेत, आलेल्या वाटेवरूनच जायचं, म्हणजे सगळी फौज परत गेली असं चिखल सांगेल.

दुसऱ्या दिवशी आयोवाच्या कर्नल एडवर्ड हॅचला सुमारे पाचशे स्वारांनिशी वेगळं काढलं. त्याच्या काही स्वारांनी मुख्य फौजेच्या मागोमाग थोडं अंतर जाऊन, तिच्याच टापांवरून घोडे उलटे आणले. सोबत एकच तोफ होती. ती रस्त्यावर चार वेगवेगळ्या जागी वळवली. बघा, ओल्या मातीत चाकांची चार वळणं उमटली आणि माग काढणाऱ्याने काय मोजलं असेल? चार तोफा परत गेल्या. पाठलागावरचा दक्षिणेचा अधिकारी बार्टो काही कच्चा माणूस नव्हता, पण त्याने माती वाचली आणि मातीनेच त्याला फसवलं. तो हॅचच्या मागे लागला. हॅच लढत लढत ला ग्रेंजला परतला आणि ग्रीअरसनची साडेनऊशे माणसं दक्षिणेकडे मोकळी सुटली.

२४ एप्रिलला न्यूटन स्टेशन. व्हिक्सबर्गला रसद पोचवणारा रेल्वेमार्ग इथून जायचा. दोन गाड्या पकडल्या, डबे पेटवले. आतले तोफगोळे फुटू लागले, तेव्हा मागची फौज लढाई जुंपली समजून भरधाव आली. रूळ तापवून वाकवले, तारा तोडल्या.

फौज चालली होती ते मिसिसिपी राज्य म्हणजे कापसाचं आगर. तिथला कापूस अडला म्हणूनच त्या वर्षांत खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईला शेअरचं वेड लागलं. पण तिकडे तो कापूस वेचणारे हात गुलामांचे होते. ते शेकडोंनी या फौजेमागे चालू लागले, जादा घोडे हाकत. माझ्या लेखी त्या सोळा दिवसांतलं सर्वांत मोठं काम हेच.

आता सातव्या इलिनॉयची बी कंपनी. कॅप्टन हेन्री फोर्ब्सला पस्तीसेक माणसं देऊन मेकनच्या बाजूला हूल द्यायला पाठवलं होतं. परत गाठ पडायची तर मुख्य फौज पुढे पूल जाळत चाललेली. एंटरप्राइज गावात शत्रूची हजारोंची फौज समोर आली, तेव्हा फोर्ब्सने पांढरं निशाण नेऊन ग्रीअरसनच्या नावाने शरणागतीच मागितली! समोरच्याने तासाची मुदत मागितली आणि तासात हे पसार. मग कॅप्टनचा धाकटा भाऊ स्टीफन आणि दोघे सोबती रात्रंदिवस घोडे मारत पुढे गेले. स्ट्राँग नदीचा पूल जाळायची तयारी चालली होती, तिथे त्यांनी फौज गाठली. स्टीफन तेव्हा अठरा वर्षांचा. पुढे तो इलिनॉयमधला नामवंत निसर्गशास्त्रज्ञ झाला.

शेवटच्या अठ्ठावीस तासांत शहात्तर मैल, चार चकमकी, झोप नाही, घोड्यांच्या तोबऱ्यात जवळजवळ काही नाही. २ मेला लुइझियानातल्या, उत्तरेच्या ताब्यातल्या बॅटन रूजपासून काही मैलांवर फौज थांबली आणि माणसं पडल्या जागी झोपली. ग्रीअरसनला एका घरात पियानो दिसला. जाग राहावी म्हणून तो वाजवत बसला. तेवढ्यात एक स्वार खोगिरावरच झोपेत होता, त्याचा घोडा चालत चालत थेट स्वकीयांच्या चौकीवर गेला. उत्तरेच्या लोकांना ही फौज आल्याचं कळलं ते असं. सोळा दिवस, सहाशे मैल. आणि ३० एप्रिललाच ग्रँट नदी उतरून पार झाला होता. व्हिक्सबर्ग ४ जुलैला पडलं.

पण एक दिवस मागे येऊ या, १ मे, टिकफॉ नदीवरचा वॉल्स ब्रिज. सातव्या इलिनॉयचा लेफ्टनंट कर्नल ब्लॅकबर्न पुलावर घुसला आणि जबर जखमी झाला. सार्जंट रिचर्ड सर्बीही पडला. सर्बी हेरांचा म्होरक्या, स्वारीभर शत्रूच्या वेषात पुढे राहिलेला. त्या वेषात सापडला असता तर फासावर गेला असता. पाठीमागे शत्रू, पुढे जायची घाई, पण सोबत्यांनी त्याच्या अंगावरचे कपडे उतरवले आणि त्याचा निळा गणवेश त्याला चढवला. एक सर्जन जखमींपाशी आपणहून थांबला. मग बाकीच्यांनी मांड घातली आणि ते निघाले. ब्लॅकबर्न त्याच महिन्यात गेला. सर्बी पकडला गेला, पण निळ्या गणवेशातला युद्धकैदी म्हणून.