‘का’ नको, कागद मागा

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या गावात खाजन, म्हणजे आपल्या गोव्यातली खाडीकाठची, बांध घालून राखलेली भातजमीन आहे, त्यांना बांध फुटणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भरतीचं खारं पाणी एकदा शेतात शिरलं की त्या वर्षीचं भात गेलंच, शिवाय जमिनीतला खार धुऊन निघेपर्यंत पुढचा हंगामही धोक्यात. आमच्याकडचा बांध दुरुस्तीनंतर दुसऱ्याच पावसात फुटला. मी तावातावाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. बांध का फुटला? जबाबदार कोण? काम निकृष्ट होतं, हे खात्याला मान्य आहे का? महिना भरायच्या आत एका ओळीचं उत्तर आलं : अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.

राग आला. पण कायदा नीट वाचला तेव्हा कळलं, की मी माहिती मागितलीच नव्हती, जाब विचारला होता. जाब विचारायची जागा ग्रामसभा, विधानसभा, न्यायालय. हा कायदा देतो ते कार्यालयात नोंदलेलं असेल ते : फाईल, टिपणी, आदेश, करार, अहवाल. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये नेमकं हेच स्पष्ट केलं. एखाद्या गोष्टीचं कारण कागदावर असेल तर त्याची प्रत मिळेल. ‘असं का केलं’ याचा खुलासा अधिकाऱ्याने नव्याने लिहून द्यावा, असं या कायद्याखाली म्हणता येत नाही.

म्हणून दुसऱ्या अर्जात एकही प्रश्नचिन्ह ठेवलं नाही. कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, ठेकेदाराला दिलेली बिलं, फाईलवरच्या टिपण्या आणि एम. बी., म्हणजे कामाच्या मोजमापाची वही, यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात, एवढंच लिहिलं. सरकारी बांधकामात एम. बी. हा सगळ्यांत बोलका कागद. किती मीटर लांबी, किती रुंदी, किती चिरे, कोणत्या तारखेला कोणी मोजलं, सगळं तिच्यात असतं आणि बिल तिच्यावरूनच निघतं. ती हातात आल्यावर जमीन कसणारी आम्ही चार कुळं टेप घेऊन बांधावर गेलो. वहीतली लांबी आणि पायाखालची लांबी जुळत नव्हती. पुढच्या ग्रामसभेत मला आवाज चढवावा लागला नाही. मी फक्त दोन आकडे वाचून दाखवले.

आणखी एक हक्क लोक फारसा वापरत नाहीत. प्रतीच घ्यायला हव्यात असं नाही, कार्यालयात बसून फाईल पाहता येते, टिपून घेता येते. झालेलं काम पाहता येतं, वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. रस्त्याची खडी असो वा बांधाचा चिरा. आधी फाईल पाहा, मग हवी तीच पानं मागा, असं मी प्रत्येकाला सांगते. पैसे वाचतात आणि काय मागायचं तेही कळतं.

अर्जाचं शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. साध्या कागदावर लिहा. माहिती कशाला हवी हे सांगायचं बंधन नाही, आणि कोणी विचारलं तर नम्रपणे कलम 6 दाखवा. पंचायतीत सहसा सचिव हेच जन माहिती अधिकारी असतात. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर योग्य खात्याकडे पाच दिवसांत पाठवणं हे त्यांचं काम, तुम्ही परत फिरायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावं, लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करायची आहे. आपल्या गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून कोणी अर्ज अडवून ठेवू नये.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पंचायतीच्या बाबतीत ते गटविकास अधिकाऱ्याकडे जातं. तिथेही न्याय मिळाला नाही तर नव्वद दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे. उशीर झालेली माहिती फुकट द्यावी लागते, आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 पर्यंत दंड करू शकतो. माझा अनुभव असा, की पहिल्या अपिलापाशीच बरेच लोक कंटाळून थांबतात. मी थांबले असते, तर एम. बी. कधी हाती आलीच नसती.

देशाचा कायदा 2005 चा. पण गोव्याने 1997 मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, देशात अगदी सुरुवातीच्या राज्यांपैकी आपण. हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला एक खराखुरा अर्ज लिहायला द्यावा. गावच्या विहिरीच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, त्या अहवालाची प्रत मिळावी, इतका साधा चालेल.

आणि एक. अर्ज देताना दुसरी प्रत सोबत न्या, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच हातात पडेपर्यंत खिडकीपासून हलू नका. तीस दिवस त्या शिक्क्यापासूनच मोजायचे असतात.

नमस्कार.