ताराबाईंना ही यादवी जिंकता आली असती का?

(दृश्य: पन्हाळा, अंबरखाना. बाहेरच्या दगडी जिन्याने कॅमेरा छतावर चढतो.)

गंगा, यमुना, सरस्वती. पन्हाळ्यावरच्या या तीन धान्यकोठ्या. गंगा सगळ्यांत मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. खंडी म्हणजे वीस मण. जिना कोठीच्या बाहेरून वर जातो आणि छताला जागोजाग तोंडं ठेवलेली आहेत. धान्य वरून ओतायचं, लागेल तसं खालून काढायचं. वेढ्यात सापडलेल्या गडाला तोफेच्याही आधी हे लागतं. धान्य, पिण्याचं पाणी, आणि जूनपर्यंत तग धरण्याची तयारी. जूननंतरचं काम सह्याद्रीचा पाऊस करतो.

१७०७ मध्ये मराठा गादीसाठी ताराबाई आणि शाहू यांच्यात यादवी सुरू झाली. हे सगळं हाताशी असलेली ताराबाईंची बाजू ती हरली. ती का हरली, आणि हरणं टळलं असतं का, याची ही तपासणी आहे.

आधी एक खुलासा. कोल्हापुरात शाहू म्हटलं की राजर्षी शाहू डोळ्यांसमोर येतात. इथले शाहू ते नव्हेत. हे संभाजी महाराजांचे चिरंजीव, साताऱ्याचे थोरले शाहू. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा आई येसूबाईंसोबत मोगलांच्या हाती लागला आणि पुढची सतरा-अठरा वर्षं बादशाही छावणीत वाढला.

(दृश्य: नकाशा. अहमदनगर ते नर्मदा.)

१७०७ च्या सुरुवातीला अहमदनगरला औरंगजेब मेला. त्याचा मुलगा आझमशाह तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. त्याने शाहूंना बरोबर घेतलं आणि मे महिन्यात माळव्यात मोकळं सोडलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. हिशेब सरळ होता: मराठ्यांच्या घरात दोन वारस उभे राहिले की मोगलांची पाठ मोकळी.

इकडे राजाराम महाराजांच्या पश्चात सात वर्षं राज्य चालवलं होतं ताराबाईंनी. हंबीरराव मोहित्यांची लेक. १७०७ मध्ये वय बत्तीस, मुलगा शिवाजी अकरा वर्षांचा. औरंगजेबाने जिंकलेले गड एकेक करून परत घेतले ते यांच्याच कारकिर्दीत. त्यामुळे ‘खऱ्या वारसाला हक्क नाकारणारी बाई’ ही शाळेत कानावर पडलेली प्रतिमा आधी बाजूला ठेवावी लागते. राज्य त्यांनी राखलं होतं. ते सोडायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पण त्या प्रश्नासाठी त्यांनी दोन युक्तिवाद एकदम केले, आणि पहिली चूक तिथेच झाली.

एक युक्तिवाद असा: शिवाजी महाराजांनी कमावलेलं राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेलं, माझ्या पतीने ते नव्याने उभं केलं, म्हणून ते माझ्या मुलाचं. हा पटो वा न पटो, खोटा पाडता येत नाही. दुसरा: उत्तरेकडून आलेला हा माणूस शाहू नव्हेच, तोतया आहे. हा एका दिवसात खोटा पडू शकतो. शाहूंना लहानपणी पाहिलेली, छावणीत भेटलेली माणसं हयात होती. बखरी सांगतात की सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली गेली. पण शपथेला तोतयाचा आधार दिला की तोतया खरा ठरल्याक्षणी शपथही सुटते. सरदारांना नेमकी हीच पळवाट मिळाली.

(दृश्य: राजगुरुनगरजवळ भीमेचं पात्र.)

मे ते ऑक्टोबर हे पाच महिने सगळ्यांत महत्त्वाचे. शाहूंजवळ खजिना नव्हता, गड नव्हता, तोफखाना नव्हता. खानदेशात परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर येऊन मिळाले तेव्हा कुठे त्यांच्यामागे फौज दिसू लागली. ही मंडळी खानदेश-वऱ्हाडाकडे वावरणारी. मोगली मुलखातून चौथ, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, वसूल करायची, तर उत्तरेकडून बादशाही संमतीने आलेला राजा त्यांना सोयीचा होता. पन्हाळा त्यांच्यापासून फार लांब.

पाऊस ओसरल्यावर ताराबाईंनी सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांना भीमेवर धाडलं. १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडजवळ, म्हणजे आजच्या राजगुरुनगरजवळ, गाठ पडली. धनाजींनी आधीच खातरजमा करून घेतली होती. या मध्यस्थीत खंडो बल्लाळ आणि धनाजींचे कारभारी बाळाजी विश्वनाथ यांची नावं येतात. ऐन लढाईत धनाजी शाहूंकडे गेले. परशुरामपंत लढले, पण पाय काढता घेऊन त्यांना साताऱ्याकडे यावं लागलं.

इथे नुसतं ‘धनाजी फुटले’ म्हणून पुढे जाऊ नये. एक माणूस फुटला आणि अख्खी फौज गेली, हे कसं?

शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी, नाल ठोकणारा एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, पगार सरकारी. अशा फौजेतला सरदार फुटला तर तो एकटा जातो; घोडा राजाचाच राहतो. राजाराम महाराज जिंजीला असताना खजिना रिकामा होता, तेव्हा सरदारांना मुलूख तोडून द्यावा लागला: तुम्ही जिंका, तुम्ही खा, फौज तुम्हीच पोसा. राज्य वाचलं ते त्यामुळेच, यात शंका नाही. पण १७०७ पर्यंत पागा सरदारांच्या झाल्या होत्या. घोड्याच्या चंदीचा पैसा जाधवांच्या मुलखातून येत असेल, तर घोडा जाधवांच्याच मागे जाणार. ताराबाईंनी भीमेवर पाठवली ती स्वतःची फौज नव्हतीच.

मग दुसरा मार्ग कोणता होता? तो त्यांना ठाऊक होता, किंबहुना त्यांच्या काळातच तो पुरता सिद्ध झाला होता. औरंगजेबाने विशाळगडाला वेढा घातला तो १७०१ च्या अखेरीस. गड मिळायला १७०२ चा जून उजाडला, तोही आतल्यांशी सौदा करून. मग परतीची वाट. विशाळगड ते पन्हाळा जेमतेम तीस मैल, आणि त्याला बादशाही लष्कराला महिन्याहून जास्त लागला. ओढे फुगलेले, उंट-बैल चिखलात रुतलेले. आंबा घाटाच्या वाटेने जुलैत कधी गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जगातली सगळ्यांत श्रीमंत छावणी जिथे फसली, तिथे खजिना नसलेले शाहू काय करणार होते?

म्हणून आमचं मत असं: ऑक्टोबर १७०७ मध्ये फौज भीमेवर न्यायलाच नको होती. नीरेच्या दक्षिणेला राहायचं, सरदारांना एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, साताऱ्यापासून रांगण्यापर्यंतचे गड भरायचे आणि पुढचा जून येऊ द्यायचा. शाहूंना घाई होती, ताराबाईंना नव्हती. फौजेचा पगार तुंबला की पाहुणी फौज घरी जाते.

(दृश्य: अजिंक्यतारा, मुख्य दरवाजा.)

अर्थात गड म्हणजे नुसती तटबंदी नव्हे. साताऱ्याला काय झालं ते पाहा. परशुरामपंत आत होते, किल्ला लढवायचा होता. किल्लेदार शेख मिरा. त्याची बायकामुलं मात्र वाईला, आणि बखरी सांगतात की शाहूंनी आधी वाई घेऊन त्यांनाच ताब्यात घेतलं. शेख मिऱ्याने परशुरामपंतांना कैद करून दरवाजा उघडला. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत गडाचा कारभार एका हाती नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत एकमेकांवर नजर ठेवत. इथे एकाच्या मनावर गड गेला. किल्लेदाराचं कुटुंब गडाच्या आत आणणं हे दोन दिवसांचं काम होतं. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंनी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला.

त्याआधी शंकराजी नारायण सचिवांनी जीव दिला होता. ताराबाईंना दिलेली शपथ मोडवेना, आणि समोर उभा राहिलेला माणूस खरा आहे हेही नाकारता येईना. या यादवीत बाजू बदलणारे सगळेच लोभी होते असं मानणाऱ्यांनी सचिवांकडे बघावं.

(दृश्य: रांगणा, भुदरगड तालुका. धुक्यात बुडालेली तटबंदी.)

१७०८ मध्ये शाहू पन्हाळ्यावर आले, पन्हाळा घेतला आणि रांगण्याकडे वळले. रांगणा अगदी घाटमाथ्याच्या कडेवर आहे. पलीकडे सरळ कोकण. वेढा पडला, पाऊस आला, वेढा उठला. ऑक्टोबर १७०७ मध्येच जे करायला हवं होतं, ते इथे नाइलाजाने झालं, आणि चाललंही. परतीच्या वाटेवर धनाजी वारले. शाहूंची पाठ फिरल्यावर ताराबाईंनी पन्हाळा परत मिळवला आणि १७१० पासून कोल्हापूरची गादी वेगळी उभी राहिली.

दिल्लीत अजून काही ठरलं नव्हतं. १७०९ मध्ये नवा बादशाह बहादूरशाह (आझमशाहाला हरवून तख्तावर बसलेला त्याचा भाऊ) दख्खनेत असताना शाहूंच्या वतीने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी मागितली गेली. ताराबाईंच्या वतीने वजीर मुनीमखानाने अर्ज पुढे केला. बादशाहाने दोघांनाही सांगितलं की आधी आपसात निकाल लावा.

दुसरी संधी आली ती यानंतर, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. १७११ मध्ये धनाजींचा मुलगा, सेनापती चंद्रसेन जाधव, बाळाजी विश्वनाथांशी भांडून शाहूंना सोडून गेला. दमाजी थोरात, उदाजी चव्हाण, खटावकर आपापल्या मुलखात मोकाट होते. १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे ताराबाईंचे म्हणून घाटावर चढले, लोहगड-राजमाची घेतले आणि चालून आलेल्या पेशवा बहिरोपंत पिंगळ्यांना कैद केलं. साताऱ्यात घबराट पसरली.

ही लाट १७०७ मध्ये फुटलेल्या फौजेपेक्षा जास्त बळाची होती. पण चंद्रसेन उठला १७११ मध्ये, कान्होजी चढले १७१३ मध्ये. मधल्या काळात चंद्रसेन निजामाकडे निघूनही गेला. पन्हाळ्यावरून कुणीतरी घोड्यावर बसून या सगळ्यांना एका महिन्यात, एका वाटेवर आणायला हवं होतं. असा माणूस कोल्हापूरकडे नव्हता. शाहूंकडे होता. बाळाजी विश्वनाथांना नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं, आणि काही महिन्यांत त्यांनी कान्होजींशी तह केला: सरखेलपद (आरमारप्रमुखपद) कायम, दहा किल्ले, सोळा लहान ठाणी. बदल्यात पिंगळ्यांची सुटका आणि ताराबाईंची साथ सोडणं. जंजिऱ्याचा सिद्दी अंगावर असताना आंग्र्यांना घाटमाथ्यावर मित्र हवा होता, आणि तो देणं साताऱ्याच्या हातात होतं. कोल्हापूर त्यांना असं काय देऊ शकत होतं, जे त्यांच्याकडे आधीच नव्हतं? आम्हाला याचं उत्तर सापडत नाही. म्हणून ही दुसरी संधी आम्ही पहिलीपेक्षा मोठी मानतो, पण पहिलीइतकी सोपी नाही.

(दृश्य: पन्हाळा, ताराबाईंचा वाडा.)

१७१४. शत्रू बाहेर नव्हताच. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई आणि त्यांचा मुलगा संभाजी यांच्या बाजूने गडावरच उलथापालथ झाली. ताराबाई आणि शिवाजी कैदेत, संभाजी गादीवर. सगळा लढा एका मुलाच्या नावावर उभा होता, आणि त्याच वाड्यात त्याच बापाचा दुसरा मुलगा होता. राजसबाईंना कारभारात वाटा देऊन बांधून ठेवणं, हा एकच उपाय दिसतो. ताराबाई वाटा देणाऱ्यांतल्या नव्हत्या. ज्या हट्टाने औरंगजेबाला झुलवलं, तोच हट्ट इथे नडला.

या वर्षानंतर ताराबाईंच्या जिंकण्याचा प्रश्नच उरला नाही. कोल्हापूरची गादी मात्र टिकली. १७३० मध्ये वारणेकाठी कोल्हापूरच्या या संभाजी महाराजांचा शाहूंच्या फौजेकडून पराभव झाला, आणि १३ एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा ही दोन राज्यांची हद्द ठरली. शाहूंनाही पन्हाळा कायमचा घेता आला नाही, हे साताऱ्याकडून लिहिलेल्या इतिहासात हळू आवाजात येतं.

(दृश्य: अजिंक्यतारा, संध्याकाळ.)

वारणेच्या लढाईत ताराबाईही शाहूंच्या हाती लागल्या. बाकीच्या राजस्त्रियांना कोल्हापूरला परत पाठवलं. ताराबाई म्हणाल्या, तिथेही कैद, इथेही कैद, मी इथेच राहते. त्यांच्यासाठी साताऱ्याच्या किल्ल्यावर राहण्याची सोय झाली. शेख मिऱ्याने दरवाजा उघडला होता, त्याच किल्ल्यावर.