जळजळ थांबली म्हणून

(दृश्य: शेताचा बांध, संध्याकाळ. कपाशीच्या काड्यांचा जाळ, वर वांगी.)

हिवाळा लागला की खान्देशात शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. हिरवी मिरची सढळ हातानं कुटली जाते, कळण्याची भाकरी मोडली जाते. आणि रात्री पाठ टेकली की धुळ्याकडचा माणूस म्हणतो, "छातीमा जयजय व्हस," म्हणजे छातीत जळजळतं. मग सोड्याची पुडी, नाहीतर दुकानातून आणलेली गॅसची गोळी. माझ्या वडिलांच्या बंडीच्या खिशात ती गोळी वर्षानुवर्षं होती, तंबाखूच्या पुडीला लागून.

मिरचीमुळे कॅन्सर होतो, असं आम्ही म्हणणार नाही. तिच्यामुळे एखाद्याची जळजळ वाढते, एवढंच. खरा त्रास वर चढणाऱ्या आम्लाचा.

अन्ननलिका साधारण 25 सेंटिमीटर लांब. ती जठराला मिळते तिथे स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येतं, कधी पित्तही. जठर ते सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही. तिचं अस्तर चपट्या पेशींचं, आपल्या कातडीच्या जातीचं. ते वर्षानुवर्षं पोळत राहिलं की काही जणांत शरीर ते अस्तरच बदलून टाकतं. त्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं. ब्रिटिश सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी 1950 साली अशा अस्तराबद्दल लिहिलं, म्हणून ही 'बॅरेटची अन्ननलिका'.

फसगत होते ती इथे. नव्या अस्तराला आम्ल तेवढं झोंबत नाही. जळजळ उतरते. घरचे म्हणतात, चला, पित्त गेलं एकदाचं.

बॅरेट असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, हे घाबरलेल्या माणसाला आधी सांगायला हवं. पण काहींच्या त्या अस्तरात ग्रंथींचा कॅन्सर उगवतो. आपल्या देशात अन्ननलिकेचे बहुसंख्य कॅन्सर आजही चपट्या पेशींचे, तंबाखू आणि दारूशी जोडलेले. आणि अगदी क्वचित एकाच गाठीत दोन जातींचे कॅन्सर शेजारी नांदतात.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची काच, अगदी जवळून.)

ही काच पाहा. डावीकडे वेड्यावाकड्या नळ्या, म्हणजे ग्रंथींचा कॅन्सर. उजवीकडे गच्च दाटलेल्या, काळपट केंद्रांच्या पेशी. सिनॅप्टोफायसिन नावाचा खास रंग दिला की फक्त उजवी बाजू तपकिरी होते. त्या न्यूरोएंडोक्राइन पेशी, नसा आणि संप्रेरकं या दोन्हींशी नातं सांगणाऱ्या. दोन्ही जाती प्रत्येकी किमान 30 टक्के असतील तरच अशा गाठीला 'मिश्र' हे नाव मिळतं. कधी जोडीदार वेगळे असतात: ग्रंथींच्या पेशी आणि चपट्या पेशी.

घशातून आत घातलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) काढलेला गाठीचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान. त्यात एकच जात आली, तर रिपोर्ट अर्धाच खरा. दुसरी जात कित्येकदा ऑपरेशननंतर, पूर्ण गाठ तपासल्यावरच कळते. त्या अर्ध्यावर बरंच काही अवलंबून असतं. न्यूरोएंडोक्राइन भाग आक्रमक असेल तर तो लवकर पसरतो, यकृतातही. औषधंही बदलतात: फुप्फुसाच्या लहान पेशींच्या कॅन्सरला देतात ती सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइडची जोडी इथेही वापरतात. म्हणून तुकडे एकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या जागांवरून घ्यावे लागतात. रुग्णानं ते विचारलं तर डॉक्टरांना राग येऊ नये.

पन्नाशी ओलांडलेला पुरुष, सुटलेलं पोट, तंबाखू, वर्षानुवर्षांची जळजळ. असा माणूस घरात असेल तर एकदा दुर्बिणीची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. घास अडत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, तर वाट पाहू नका.

(दृश्य: स्वयंपाकघर. ताटात भाकरी, शेजारी दुधाची वाटी.)

गेल्या पावसाळ्यात वडील भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. दात दुखतात म्हणाले. खिशातली गोळी केव्हाच बंद झाली होती, आणि आम्हाला त्याचा आनंद होता. एक दिवस आईनं पाहिलं, दर घासानंतर ते पाण्याचा घोट घेतात आणि छातीवर मूठ दाबून थांबतात. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना दुर्बिणीसाठी जळगावला नेलं.