जूनमध्ये भरणारी शिक्षकांची शाळा

(दृश्य: प्रशस्त सभागृह. रांगेनं मांडलेली लांब टेबलं. पेन्सिली, कागदांचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या.)

जून महिना. अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी लागते. पोरं पोहायला जातात आणि त्यांचे गणिताचे शिक्षक पेपर तपासायला निघतात. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वर्षानुवर्षं हे दृश्य दिसत आलंय. देशभरातून आलेले शेकडो शिक्षक आठवडाभर एकत्र बसतात आणि कॅल्क्युलसच्या, म्हणजे बदलाचा दर मोजणाऱ्या गणिताच्या, उत्तरपत्रिका वाचतात.

या परीक्षेचं नाव अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, सगळ्यांच्या तोंडी ‘एपी’. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलांना हा शब्द नववी-दहावीपासूनच सोबत करतो. अभ्यासक्रम कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा, पण शिकायचा हायस्कूलमध्ये. 1955 पासून कॉलेज बोर्ड ही संस्था तो चालवते. परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल 1 ते 5 अशा श्रेणीत लागतो. चांगली श्रेणी मिळाली तर अनेक विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात. तोच कोर्स पुन्हा पैसे भरून करावा लागत नाही.

आता शिक्षकाच्या जागी उभं राहून बघा. शिकवायचं कॉलेजचं गणित, समोर सोळा-सतरा वर्षांची मुलं. स्वतः कॅल्क्युलस शिकून वीस वर्षं झालेली. शाळेत हा विषय शिकवणारे बरेचदा आपण एकटेच. अडलं तर विचारायचं कोणाला?

(दृश्य: विद्यापीठाचा वर्ग. बाकांवर शिक्षक बसलेत.)

एक सोय आहे. उन्हाळ्यात विद्यापीठांमधून एपी शिक्षकांसाठी चार-पाच दिवसांची, किमान तीस तासांची शिबिरं भरतात. नव्या शिक्षकाला तिथे चांगला आधार मिळतो. 1995 साली कॅल्क्युलसच्या एपी परीक्षेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सक्तीचा झाला, तेव्हा मुलांच्या आधी मास्तरांनाच ते यंत्र शिकून घ्यावं लागलं.

पण मुरलेल्या शिक्षकाची खरी तालीम होते ती जूनमधल्या या टेबलावर, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: एक उत्तरपत्रिका, जवळून. मुलाचं तिरकं अक्षर, खोडाखोड.)

पेपरच्या दुसऱ्या भागात सविस्तर उत्तरांचे सहा प्रश्न, प्रत्येकाला नऊ गुण. मुलाचं नाव दिसत नाही, शाळा दिसत नाही, दुसऱ्या प्रश्नात त्याला किती मिळाले तेही कळत नाही. समोर असतं ते फक्त त्याचं एक उत्तर. तपासणाऱ्यांत कॉलेजचे प्राध्यापक असतात, तसे हायस्कूलचे शिक्षकही. कोण कुठला, हे टेबलाकडे बघून ओळखू येणार नाही. शेजारी शेजारी बसून एकाच कागदावर डोकं घालणं चाललेलं असतं. हायस्कूलच्या शिक्षकाला इथे यायचं तर आधी एपी शिकवल्याचा अनुभव लागतो.

पहिल्या उत्तराला गुण देण्याआधी प्रशिक्षण असतं. एकच नमुना उत्तर सगळ्यांनी तपासायचं आणि गुण ताडून बघायचे. कोणी सहा दिले, कोणी पाच. तो एक गुण कुठे गेला, यावर बोलणं सुरू होतं आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत पुढे जायचं नाही. बारावीच्या पेपरांचे गठ्ठे आणि मॉडरेटरच्या बैठका ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही चर्चा ओळखीची वाटेल.

हे एक उत्तर बघा. प्रश्न आहे डिफरन्शियल इक्वेशनचा, म्हणजे बदलाच्या दरावरून मूळ फंक्शन शोधण्याचा. मुलानं वायची पदं एकीकडे आणि एक्सची पदं दुसरीकडे नेली, दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन केलं. सगळं बरोबर. फक्त ‘अधिक सी’ लिहायचं राहिलं. एक अक्षर! पण हा स्थिरांकच नसेल तर प्रश्नात दिलेली सुरुवातीची किंमत घालायची कशात? पुढची वाट तिथेच बंद होते, त्या भागातले राहिलेले गुणही जातात. आणि ज्यानं पदं वेगळीच केली नाहीत, त्याच्या हाती त्या भागात शून्य.

आपल्या वर्गात ही चूक पाच मुलं करतात तेव्हा शिक्षक म्हणतो, विसरली असतील. पण अनोळखी गावांतली शेकडो मुलं ओळीनं हेच विसरताना दिसली, की तो थबकतो. मग प्रश्न मुलांच्या विसराळूपणाचा उरत नाही. ‘सी’ कशासाठी, हे आपण शिकवलं होतं का?

दुसरं उदाहरण तर भाषेचं आहे. प्रश्नात आलेख दिलाय डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे फंक्शनच्या बदलाच्या दराचा, आणि विचारलंय मूळ फंक्शनबद्दल. मूल कारण लिहितं, ‘इट इज इन्क्रीजिंग’. ते वाढतंय. ते म्हणजे कोण? फंक्शन, त्याचं डेरिव्हेटिव्ह, की दुसरं डेरिव्हेटिव्ह? मुलाच्या मनात बरोबर असेलही, पण कागदावर नाही, आणि गुण कागदाला मिळतात. या टेबलावरून परतलेले कितीतरी शिक्षक आपल्या वर्गात ‘इट’ या शब्दाला बंदीच घालतात.

(दृश्य: जेवणाची सुट्टी. कागदी रुमालावर कोणीतरी आलेख काढून दाखवतंय.)

2020 आणि 2021 साली कोविडमुळे ही तपासणी घरून, संगणकावर झाली. आजही काही शिक्षक घरूनच तपासतात. कामात त्यानं खोट येत नाही आणि ज्याला घर सोडून येणं जमत नाही त्याची सोयही होते. पण जेवणाच्या टेबलावर ‘तुम्ही हे कसं शिकवता हो?’ असं सहज विचारता येणं, ते मात्र घरी मिळत नाही. एकट्यानं विषय ओढणाऱ्या शिक्षकाला त्याचीच भूक असते.

(दृश्य: ऑगस्ट. शाळेचा वर्ग. फळ्यावर आलेख.)

शाळा उघडते. मागच्या परीक्षांची काही नमुना उत्तरं आणि गुणदानाचे निकष कॉलेज बोर्ड सगळ्यांसाठी खुले करतं. जूनमध्ये टेबलावर बसलेली एक शिक्षिका त्यातलंच एक उत्तर आज वर्गात वाटते. नाव नसलेलं, कुणा अनोळखी मुलाचं. म्हणते, तुम्हीच तपासा, नऊपैकी किती?

मुलं खाली माना घालून वाचतात. एक जण आठ देतो. शेजारची सात म्हणते. दोघांचा वाद वाढतो, मागची बाकंही त्यात उतरतात. शिक्षिका काही बोलत नाही. खिडकीपाशी उभी राहून ऐकते.

मग मागून एक मुलगी हात वर करते. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारते, ‘यानं लिहिलेलं हे ‘इट’, ते नक्की कोण?’