हात लावायच्या आधीच नापास

(दृश्य: काळं टेबल. मधोमध पांढरं, तिरकं, पाचरीसारखं एक यंत्र. एक हात ते उचलतो. पडदा क्षणभर काळा होतो.)

बघा, झालं. पान उलटायचं नव्हतं, उलटलं.

हे धरायचं कुठे तेच कळत नाही. उजवीकडची लांबच लांब पट्टी म्हणजे 'पुढचं पान'. डावीकडे वर 'मागचं पान', त्याच्या खाली पुन्हा 'पुढचं पान'. चहाचा कप सरकवायला म्हणून यंत्र जरा बाजूला घ्यावं, तर गोष्ट दोन पानं पुढे गेलेली. चालू-बंद करायचं बटण पाठीमागे, म्हणजे टेबलावर ठेवलेलं असेल तर उचलून पालथं करायला हवं. आणि उचललं की पुन्हा पान उलटलंच.

हे पहिलं किंडल, पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र, म्हणजे ई-रीडर. 19 नोव्हेंबर 2007 रोजी न्यूयॉर्कमध्ये, युनियन स्क्वेअरजवळच्या एका हॉटेलात, अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी ते जाहीर केलं. सहा इंची पडदा, करड्या रंगाच्या चार छटा, वजन तीनशे ग्रॅमच्या आत. किंमत 399 डॉलर, त्या वेळच्या दराने पंधरा-सोळा हजार रुपये. त्या दिवाळीत अमेरिकेत 8 जीबीचा आयफोनही 399 डॉलरलाच होता. एकाच किमतीच्या दोन वस्तू शेजारी ठेवा. एक काचेची, बोटाच्या इशाऱ्यावर नाचणारी. दुसरी ही, खाली तिरक्या बटणांचा कीबोर्ड आणि कडेला एक चाक असलेली.

लोकांनी मग काय म्हणायचं ते म्हटलं. ऐंशीच्या दशकातला कॅल्क्युलेटर वाटतो. एवढ्या पैशांत किती खरी पुस्तकं येतील! अंथरुणात दिवा घालवून वाचता येत नाही, कारण पडद्याला उजेडच नाही. टबात पडून वाचायचं कसं? या शेवटच्या प्रश्नावर बेझोस यांनी पुढे स्वतःचाच उपाय सांगितला होता: किंडल प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालायचं आणि पिशवीवरूनच बटणं दाबायची.

यांतल्या कितीतरी जणांनी यंत्र पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहणार कुठे? दुकानात ते नव्हतंच, घरबसल्या मागवायचं होतं. फोटो बघूनच निकाल लागला.

आणि वास. नव्या ई-रीडरची बातमी आली आणि कागदाच्या वासाची आठवण कुणी काढली नाही, असं आजवर झालेलं नाही. तो वास खरा आहे, खोटं कशाला बोला. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक असतो, तो वर्षानुवर्षं विघटित होतो आणि त्यातून व्हॅनिलाच्या जवळ जाणारा गोडसर गंध सुटतो. म्हणजे आपण छाती भरून घेतो तो पुस्तक हळूहळू मरत असल्याचा वास. शिवाय या वासाचे भक्त कसरीबद्दल कधी बोलत नाहीत. आमच्या घरच्या कपाटात एका कादंबरीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत आरपार गेलेलं एक बारीक भोक आहे. नायिकेचं नाव काही पानांवर अर्धंच उरलंय.

तर एकीकडे ही नाकं मुरडणं चाललेलं आणि दुसरीकडे सगळा साठा साडेपाच तासांत संपला. नंतर थेट एप्रिल 2008 पर्यंत किंडल विकायला शिल्लक नव्हतं. जानेवारीत अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचं म्हणणं असं पडलं की वस्तू चांगली की वाईट हा मुद्दाच नाही, लोक आता वाचतच नाहीत. दोनच वर्षांनी, आयपॅडबरोबर, त्यांच्याच कंपनीने पुस्तकांचं दुकान उघडलं.

(दृश्य: पडद्याचा अगदी जवळून घेतलेला भाग. एकच अक्षर. कडा दाणेदार.)

इथे जरा थांबू, कारण फोटोत न दिसणारी गोष्ट ही आहे.

या पडद्यामागे दिवा नाही. केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या एकमेकींना खेटून बसवल्या आहेत. प्रत्येक कुपीत स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारे दोन प्रकारचे कण, पांढरे आणि काळे. दोघांचे विद्युतभार उलटे. खालून विजेचा एक झटका दिला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. एकदा वर आलेला कण तिथेच राहतो. म्हणून वीज लागते ती फक्त पान उलटताना, वाचताना लागत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमधल्या जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं हे काम. 1997 मध्ये त्यातूनच ई इंक ही कंपनी निघाली. पान उलटताना पडदा काळा लुकलुकतो ना, ती जुन्या अक्षरांची धूळ झटकणं असतं. ज्यांनी हातात घेतलं त्यांचीही पहिली तक्रार याच लुकलुकण्याची. दोन दिवसांनी विचारा, त्यांना ते दिसतच नसायचं.

बेझोस यांचा दावाही हाच होता, की यंत्र हातात असल्याचा विसर पडला पाहिजे.

तो विसर सगळ्यांत आधी कुणाला पडला असेल, तर चष्म्याचा नंबर वाढत चाललेल्यांना. जाहिरातीत चकचकीत तरुण होते, पण खूश झाले ते म्हातारे. अक्षरांचे सहा आकार होते. अमेरिकन ग्रंथालयात मोठ्या टायपातल्या पुस्तकांचं कपाट वेगळं असतं, आणि त्यात कुणीतरी निवडून ठेवलेलं तेवढंच वाचावं लागतं. इथे कुठलंही पुस्तक एका बटणावर मोठ्या टायपाचं होत होतं. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना सातशे पानांचं बाड पोटावर तोलून धरायची गरज उरली नाही. ज्या लांबलचक बटणांना जगाने नावं ठेवली, ती अशा बोटांना बरी पडत. नापसंतीच्या पहिल्या लाटेत ही माणसं कुठेच नव्हती.

आणखी एका गटाची गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी 2009 मध्ये दुसरं किंडल आलं. ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, सपाट यांत्रिक आवाजात. अंध वाचकांच्या दृष्टीने ही मोठी बातमी, कारण बोलकं पुस्तक तयार होईपर्यंत वाट पाहायची गरज संपणार होती. पण अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, हरकत घेतली: आवाजाचे हक्क वेगळे, ते तुम्ही विकत घेतलेले नाहीत. महिना संपायच्या आत अ‍ॅमेझॉन नमलं. कुठलं पुस्तक बोलेल हे हक्कधारक ठरवणार, असं ठरलं. 7 एप्रिल 2009 रोजी अंध आणि वाचनाची अडचण असलेले लोक न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या कार्यालयाबाहेर निदर्शनं करायला उभे राहिले. त्यांची आणखी एक तक्रार होती आणि ती यंत्र बनवणाऱ्यांविरुद्ध होती: पुस्तक बोलतं, पण पुस्तकापर्यंत नेणारी यादी मुकी. डोळसाने लावून दिलं तरच अंधाने ऐकायचं! माझ्या मते त्या दोन वर्षांतली सगळ्यांत नेमकी टीका हीच.

आता मराठीकडे. ऑक्टोबर 2009 मध्ये किंडल शंभरावर देशांत पाठवायला सुरुवात झाली, त्यात भारत होता. ऑगस्ट 2012 मध्ये भारतासाठी रुपयांतलं दुकान उघडलं. पुण्या-मुंबईत, आणि त्याआधीच न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांत, वास-बिस थोडा वेळ बोलून झाला की चर्चा एका साध्या प्रश्नावर यायची: "ते ठीक आहे हो, पण मराठीत काय मिळतं?" उत्तर बराच काळ 'स्कॅन केलेली पीडीएफ' हेच होतं. सहा इंची पडद्यावर छापील पुस्तकाचं मोठं, डेमी आकाराचं पान. ओळीची सुरुवात दिसली तर शेवट नाही, शेवट ओढून आणला तर अनुस्वार दिसत नाही. मी एक अख्खं प्रवासवर्णन तसं वाचलंय, निम्मा प्रवास पडदा सरकवण्यातच झाला. डिसेंबर 2016 मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकं किंडलवर रीतसर आली. पहिलं किंडल जाहीर झाल्याच्या दिवसापासून मोजलं तर नऊ वर्षं.

(दृश्य: पुन्हा टेबल. यंत्राला केबल जोडलेली.)

पहिल्या दिवशीच्या तक्रारींपैकी बहुतेक निकालात निघाल्या. दुसऱ्या किंडलला धरायला जागा मिळाली. 2010 मध्ये किंमत 139 डॉलरवर आली. 2012 मध्ये पडद्याला उजेड मिळाला. कीबोर्ड गेला. पुढे टबात पडलं तरी चालेल असंही मॉडेल निघालं.

एक मात्र राहिली. 2007 मध्येही काही जण विचारत होते की हे पुस्तक मी मैत्रिणीला देऊ शकते का? रद्दीवाल्याला, ग्रंथालयाला, नातवाला? नाही. ते कुलूपबंद, तुमच्या खात्याला बांधलेलं. हा प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. 2004 मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्रिए नावाचा ई-रीडर आणला होता, ई इंकचा पडदा असलेला पहिला. त्यावरची पुस्तकं साठ दिवसांनी आपोआप बंद पडत. पडदा पाहून लोक हरखले आणि अट वाचून परत फिरले.

जुलै 2009 मध्ये अमेरिकेतल्या किंडलधारकांना कळलं की त्यांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तकं रातोरात यंत्रातून गायब झाली आहेत. विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने ती परस्पर पुसली आणि पैसे परत केले. कुठली दोन पुस्तकं? जॉर्ज ऑर्वेलची. त्यातलं एक 'नाइन्टीन एटी-फोर', जिथे सरकारला नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळतात. एवढा योग कादंबरीत घातला असता तर संपादकाने काढायला लावला असता. एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती. टिपणं उरली, पण ती कशाबद्दल होती ते पुस्तक गेलं. बेझोस यांनी आठवड्याभरात माफी मागितली आणि आपल्याच कंपनीच्या वागण्याला मूर्खपणाचं म्हटलं.

26 फेब्रुवारी 2025 पासून अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकायची सोय बंद केली. त्याआधीचे काही दिवस जगभरचे वाचक रात्री जागून आपली पुस्तकं उतरवत बसले होते. एकेक करून. कुणाची पन्नास, कुणाची दोन हजार.

या टेबलावरच्या यंत्राला वायफाय नाही. 2007 मध्ये ते ज्या मोबाइल जाळ्यावरून एका मिनिटात पुस्तक आणायचं, ते जाळं 2022 मध्ये बंद झालं. उरली होती ती ही केबल. आता दुकानातलं नवं पुस्तक त्यात येणार नाही. आत आहेत ती उघडतात. पडदा लुकलुकतो, कण खालीवर होतात, पान लागतं.

(दृश्य: हात यंत्र खाली ठेवतो. पडदा काळा होतो आणि एका जुन्या लेखिकेचं रेखाचित्र उमटतं. केबल काढली जाते. चित्र तसंच राहतं.)