टॉर्चचा रिपोर्ट

श्रोतेहो, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मागे एक सासू-सून ओपीडीत आल्या. सुनेला अकरावा आठवडा. आधी एक गर्भपात झालेला, म्हणून या खेपेला कुणीतरी 'टॉर्च' तपासणी, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी, करायला लावली होती. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद निघाला. टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी, टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम, दोन्हींपुढे ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. सून मान खाली घालून बसलेली. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाळात व्यंग येतं म्हणे. पिशवी साफ करून घ्यायची का? मांजर तर कालच पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडलं आम्ही."

त्या कागदाविषयीच आज बोलायचंय. आधी मांजराचं बघू, कारण त्याच्यावर उगाच आळ आलाय.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदराच्या जातीतल्या प्राण्यात तो सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये सशात. मांजराच्या विष्ठेतून त्याचे सूक्ष्म कण बाहेर पडतात हे खरं. पण ते बहुधा पहिल्या लागणीनंतरचे दोन-तीन आठवडेच. ताजे कण लगेच बाधतही नाहीत, त्यांना किमान एक दिवस लागतो. मग मात्र ते मातीत वर्षभरसुद्धा टिकतात. आपल्याकडची मांजरं जातात कुठे? वाळूच्या ढिगात, कुंडीत, भाजीच्या वाफ्यात. म्हणजे घरचं मांजर सोडून आलात, तरी नीट न धुतलेली कोथिंबीर घरात येतेच. दुसरी वाट मटणाची. शिजतंय की नाही बघायला अर्धकच्चा तुकडा तोंडात टाकायची सवय असेल, तर दिवस गेलेले असताना ती सोडा. कच्चं मटण चिरलं की विळी, पाट आणि हात साबणाने धुवा.

आता रिपोर्ट. ही लागण बहुतेकांना कळतही नाही. फार तर थोडा ताप, मानेला गाठी. शरीर प्रतिपिंडं, म्हणजे लागणीशी लढणारी प्रथिनं, तयार करतं. त्यातली आयजीजी जन्मभर राहते. तेव्हा नुसती आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीकाळी लागण होऊन गेली, आणि एरवी तब्येत चांगली असलेल्या बाईच्या बाळाला त्या जुन्या लागणीपासून सहसा धोका नसतो. धोका असतो तो आयुष्यातली पहिली लागण गरोदरपणातच झाली तर. त्यातही एक विचित्र गणित आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती बाळापर्यंत पोचण्याचं प्रमाण कमी, १०० पैकी साधारण १५च्या आत. पण पोचली तर घाव मोठा. गर्भपात होतो, बाळाच्या डोक्यात पाणी साचतं, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसतात. शेवटच्या आठवड्यांत ती १०० पैकी ६०-७० बाळांपर्यंत पोचते, पण बरीचशी बाळं जन्मतः धडधाकट दिसतात. त्यांचे डोळे मात्र पुढे कित्येक वर्षं तपासत राहावे लागतात, कारण नेत्रपटलाला नंतरही सूज येते.

मग आयजीएम? हे दुसरं प्रतिपिंड नव्या लागणीत येतं, म्हणून घबराट. पण ही पाहुणी लवकर निघत नाही. कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त रेंगाळते. कधी रिपोर्टच खोटा पॉझिटिव्ह निघतो. म्हणून पुढची तपासणी असते आयजीजी अ‍ॅव्हिडिटी. लोणचं मुरतं ना, तशी आयजीजी मुरते. नवी असताना तिची पकड सैल, महिन्यांनी घट्ट. पहिल्या तिमाहीत पकड घट्ट निघाली, तर लागण गेल्या तीन-चार महिन्यांतली नाही, म्हणजे दिवस राहण्याआधीची. सैल निघाली म्हणून मात्र ती नवीच असं ठरत नाही. काहींची पकड सावकाश घट्ट होते. तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी तपासायचे.

लागण नवीच दिसली, तर आईला स्पायरामायसिन हे औषध सुरू करतात. अठराव्या आठवड्यानंतर, आणि लागणीला किमान चार आठवडे झाल्यावर, गर्भजल काढून पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करतात. बाळाला लागण झाली आहे का, हे त्यातून कळतं. झाली असेल तर औषधं बदलतात आणि सोनोग्राफी वरचेवर होते. एवढं सगळं व्हायच्या आत एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेणं मला तरी पटत नाही.

फ्रान्समध्ये प्रतिपिंडं नसलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं रक्त दर महिन्याला तपासतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही, आणि वारंवार गर्भपात झाले की टॉर्च करायची ही आपली रीत तर मुळातच चुकीची. पहिली लागण एकदाच होते. ती दर खेपेला गर्भ कसा पाडेल?

त्या सुनेची अ‍ॅव्हिडिटी घट्ट निघाली. नवव्या महिन्यात मुलगी झाली, तीन किलोची. मांजर त्याआधीच, आठव्या दिवशी, आपलं आपण घरी परतलं होतं. दोन वर्षांनी तीच सून पुन्हा दिवस राहिल्यावर आली, तेव्हा तिला परत कुणीतरी टॉर्च लिहून दिली होती. मी तिची जुनी फाइल उघडली, आयजीजीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

नमस्कार.